पांढरी आणि काळी : कृष्णाकाठच्या वाड्यांची कथा

आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात. एक पांढरी आणि दुसरी काळी. पांढरी म्हणजे जेथे माणसे राहतात ते गावठाण. काळी म्हणजे जेथे पिकते ती शेतजमीन. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, चुलींची राख मातीत मिसळत गेली, आणि गावठाणाची माती पांढुरकी झाली. शेताची मात्र काळीच राहिली. तंट्याचा निवाडा व्हावयाचा असला म्हणजे ‘समस्त पांढरी’ बसे, म्हणजे सारा गाव बसे. श्रोतेहो, आज ज्या जुन्या घरांविषयी मला बोलावयाचे आहे ती पांढरीत उभी आहेत. परंतु त्यांचा खरा पाया काळीत आहे. एवढी एक गोष्ट मनाशी धरली, तर हे वाडे आपल्याशी बोलू लागतात.

महाबळेश्वराच्या डोंगरातून उतरलेली कृष्णा धोम, मेणवली, वाई अशी एकेक गावे घेत सातारा जिल्ह्यातून पुढे जाते. वाईच्या घाटावर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. या देवळाची मागील भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे. पुराचे पाणी तिच्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. नदीकाठी राहावयाचे तर प्रथम नदीचा स्वभाव ओळखावा लागतो, हे त्या बांधणाऱ्याने चांगले जाणले होते. रास्ते हे पेशव्यांचे सोयरे. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातली. तेव्हा वाईच्या परिसरात घाट, देवळे आणि वाडे यांची जी दाटी दिसते तिच्यामागे पुण्याची सत्ता होती, हे उघड आहे.

वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर मेणवली आहे. १७६८ साली औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नाना फडणीसांना दिले. नानांनी तेथे वस्ती वाढविली, नदीवर चंद्रकोरीच्या आकाराचा घाट बांधला, शिव आणि विष्णू यांची देवळे उभारली आणि सहा चौकांचा वाडा बांधला. घाटावरील एका छोट्या दगडी मंदिरात एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती वसईच्या पोर्तुगीजांकडली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. तिच्यावर मेरी आणि बालयेशू यांची प्रतिमा अजून आहे. समुद्रकाठच्या प्रार्थनामंदिरातील घंटा कृष्णाकाठच्या शिवालयापाशी येऊन राहिली. आणि कोणी ती प्रतिमा घासून काढली नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

अशा वाड्यात आपण शिरलो, तर काय दिसते? मोठ्या दरवाजाला एक लहान दिंडी असते. तिच्यातून वाकूनच आत जावे लागते. आत देवडी, तेथे पहारेकरी. पुढच्या चौकाच्या कडेला सदर किंवा कचेरी. येथे हिशेब होत, कूळ येथपर्यंत येई. मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर. शेवटी न्हाणी, गोठा आणि परस. भिंती इतक्या रुंद, की त्यांच्या पोटात जिना मावावा. आणि याच घरात कोठे तरी बळद असते, बाहेर अंगणात पेव असते. त्यांत धान्य भरून ठेवावयाचे. बैठकीवरचे कोरीव खांब पाहून आपण मान डोलावतो. परंतु त्या घराचे हृदय बळदात होते. बळद भरले तर चौकात पंगत उठे. ते रिते राहिले तर कोरीव खांबांना कोण विचारतो?

आता हे धान्य येई कोठून? येथे एक बारकावा समजून घ्यावयास हवा. इनाम मिळाले म्हणजे जमीन मिळाली असा आपला समज असतो. वस्तुतः बहुधा मिळे तो त्या जमिनीवरील राजाच्या वसुलाचा हक्क. जमीन कसणारा मिरासदार आपल्या जागी असे. त्याची मिरास वडिलोपार्जित असे, आणि ती विकण्याचा अधिकारही त्याला असे. उपरी मात्र कराराने कसणारा, आज येथे तर उद्या दुसरीकडे. या दोघांच्या घामातून राजभाग निघे, तो सरकारवाड्याऐवजी इनामदाराच्या वाड्यात जाई. सुतार, लोहार, कुंभार, महार, मांग इत्यादी बलुतेदारांचा वाटाही त्याच खळ्यावरून निघे. वाड्याची तुळई सुताराने बसविली, कड्या लोहाराने घडविल्या, गावाची राखण आणि निरोप महाराने पोचविले. त्याच्या वाट्याला वतन आले तेही असे, की त्या तुकड्याच्या मोबदल्यात त्याने अहोरात्र राबावे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले, ते ही वेठ तोडण्यासाठीच. वाड्याची थोरवी सांगणाराने ही बाजू झाकून ठेवू नये.

तथापि वतनाचा जीव माणसाला केवढा होता! ग्वाल्हेरचे शिंदे मूळचे याच सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे पाटील. महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशाहीचा कारभार हाती घेतला, तरी लोक त्यांना पाटीलबावा म्हणत आणि त्यांनाही ते नाव प्रिय होते. राज्य आज आहे, उद्या नाही. गावची पाटिलकी मात्र नातवंडांना पुरेल, असा त्या काळचा हिशेब होता. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे स्थायिक झालेल्या कित्येक मराठी घराण्यांच्या बोलण्यात आजही कृष्णा-नीरेच्या काठचे एखादे गाव येते, त्याचे मूळ येथे आहे.

परंतु हा हिशेब खरा ठरला नाही. १८०० साली नाना वारले. त्यांची पत्नी जिऊबाई तेव्हा अगदी लहान होती. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात तिला अभय नव्हते. शेवटी इंग्रजांच्या हमीने तिला सालीना बारा हजार रुपयांची नेमणूक मिळाली. ज्याने अर्ध्या हिंदुस्थानचे राजकारण पुण्यात बसून हलविले, त्याच्या घरच्या बाईला परक्याची हमी घ्यावी लागली. पुढे पेशवाई गेली, आणि १८५२ साली इंग्रजांनी इनाम कमिशनला कायद्याचे बळ दिले. ‘सनद दाखवा, नाही तर इनाम सोडा’ हा त्याचा खाक्या. तेव्हा वाड्यावाड्यांतून रुमाल सोडले गेले, मोडी कागद उन्हात आले. ज्याच्याजवळ कागद निघाला त्याचे इनाम टिकण्याची आशा. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला, त्याचे पिढ्यांचे उत्पन्न गेले. धान्याच्या बळदाइतकेच दप्तरही घराचे अन्न आहे, हे लोकांना त्या वेळी कळले.

पुढे त्याच कागदांचे आणखी एक मोल उघड झाले. १८९८ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातील पानिपताच्या काळचे कागद वाईच्या एका घरात सापडलेले होते. नानांचे मेणवली दप्तर रावबहादुर पारसनीस यांच्या हाती आले आणि उत्तर पेशवाईच्या इतिहासाला त्याचा आधार मिळाला. अडगळीच्या खोलीत पडलेले हे रुमाल नसते, तर आपल्या पूर्वजांविषयी आपण इंग्रज ग्रंथकारांच्या तोंडूनच ऐकत राहिलो असतो.

स्वातंत्र्यानंतर वाड्यांचे दिवस झपाट्याने पालटले. १९४८ च्या आरंभी गांधीजींची हत्या झाली, तेव्हा सातारा जिल्ह्यातील अनेक गावांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. घर जळते तेव्हा नुसत्या तुळया जळत नाहीत. रुमालही जळतात, शेजारही जळतो. त्याच वर्षी कुळकायदा झाला. १९५० चा परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करणारा कायदा, १९५२ चा व्यक्तिगत इनामांचा, १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतनांचा, असे एकामागून एक कायदे आले. १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्यांचा ठरला; त्या दिवसापासून कूळ कायद्याने जमिनीचा खरेदीदार मालक मानला गेला. जो नांगर धरतो त्याची जमीन, हा न्याय योग्यच होता; शतकांची थकबाकी त्याने काही अंशी फेडली. परंतु काळी आणि वाडा यांना जोडणारा दोर त्याने तुटला, हेही खरे. बळद रिते झाले. मुले पुण्या-मुंबईस नोकरीला गेली. भावाभावांच्या वाटण्या होऊन चौकाच्या मधोमध भिंती आल्या. पुढे कौले फुटली, ती बदलावयास कोणी उरले नाही. आणि सागवानी दरवाजे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेले.

मेणवलीचा वाडा त्या मानाने सुदैवी. २००४ साली ‘स्वदेस’ हा चित्रपट तेथे चित्रित झाल्यापासून तर घाट पाहावयास लोक दुरून येतात. बहुतेक वाड्यांच्या नशिबी हे भाग्य नाही.

तर मग त्यांचे काय करावे? ‘आमच्या पूर्वजांचे वैभव’ म्हणून त्यांच्यासाठी अश्रू ढाळणारे एक आहेत. ‘जुलमाची खूण, पडली तर बरे’ असे म्हणणारे दुसरे. मला वाटते, दोघेही घराकडे अर्ध्या डोळ्याने पाहतात. वाड्याची सनद एका घराण्याच्या नावाची असेल. त्याच्या भिंतीत मात्र साऱ्या गावाचे धान्य आणि सुतार-लोहारांचे हात आहेत. म्हणून तो पाडला तर एका कुळाचे घर पडते असे नव्हे, गावाची वहीच फाटते. सारे वाडे वाचणार नाहीत, हे मान्य करू. पण दरवाजा विकण्यापूर्वी घराचा नकाशा काढून ठेवता येईल. कोणत्या खोलीत काय होत असे हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिता येईल, आणि विचारताना सदरेवर बसणाऱ्याइतकेच दिंडीबाहेर उभे राहणाऱ्यालाही विचारता येईल. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, तोवर रुमाल सोडून पाहता येतील.

आपल्यापैकी कोणाच्या गावी असे एखादे कुलूपबंद घर असेल. पुढच्या खेपेस तेथे गेलात, तर कोरीव खांबापाशी थांबाच. पण मागच्या बाजूला बळदाचे तोंड कोठे आहे, तेही शोधा. तेथे उभे राहिले, म्हणजे पांढरीतून काळी दिसू लागते.