मान वळवणारा पहारेकरी : फिरत्या कॅमेऱ्याचा इतिहास आणि आपली निवड



या मालिकेत आपण रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास बघतो आहोत. आजची वस्तू आहे फिरता सुरक्षा कॅमेरा. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात गेलात की दुकानदार विचारतो, "फिक्स देऊ की फिरणारा?" फिरणारा दोन-पाचशे रुपयांनी महाग असतो, पण मोबाइलवर बोट सरकवलं की तो मान वळवतो, आणि त्याची भुरळ पडते. घेणाऱ्याला वाटतं, चार कॅमेऱ्यांचं काम एकात झालं. हे खरं आहे का? उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागेल.

दरवान आणि जागल्या

आपल्याकडे पहाऱ्याच्या दोन पद्धती फार जुन्या आहेत. वाड्याच्या देवडीवर बसणारा दरवान जागा सोडत नाही. आत कोण आलं, बाहेर कोण गेलं, एवढंच त्याचं काम. दुसरा गावातला जागल्या किंवा रामोशी. तो रात्री गस्त घालतो, गावभर फिरतो. दरवानाला दारापलीकडचं दिसत नाही. जागल्याला सगळं गाव दिसतं, पण एका वेळी एकच गल्ली. तो वरच्या आळीत असताना खालच्या आळीत चोरी होऊ शकते, आणि चोराला गस्तीची वेळ ठाऊक असेल तर नक्कीच होते.

स्थिर कॅमेरा म्हणजे दरवान आणि फिरता कॅमेरा म्हणजे जागल्या. आजच्या सगळ्या भागाचं सूत्र हेच आहे.

सुरुवात युद्धातून

बंदिस्त वाहिनीवरचं दूरचित्रण, म्हणजे ज्याला आपण सीसीटीव्ही म्हणतो, त्याचा पहिला मोठा वापर साधारण १९४२ मध्ये जर्मनीत झाला, असं मानलं जातं. बाल्टिक समुद्राकाठी पेनेम्युंडे इथं व्ही-२ रॉकेटच्या चाचण्या चालत. रॉकेट कधी जागेवरच फुटे, त्यामुळे जवळ थांबणं जिवावरचं होतं. वाल्टर ब्रुख या अभियंत्यानं कॅमेरे लावून ते उड्डाण दूरवरून पडद्यावर बघण्याची सोय केली.

याच ब्रुखनं पुढं टेलिफुंकन कंपनीत रंगीत दूरचित्रवाणीची 'पाल' ही पद्धत तयार केली. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं, ते याच पद्धतीनं. म्हणजे पहिला सीसीटीव्ही आणि आपल्या घरातला पहिला रंगीत टीव्ही, दोन्हींमागं एकच माणूस आहे.

या पहिल्या वापरातली एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथं रेकॉर्डिंग नव्हतं. पडद्यासमोर माणूस बसलेला असायचा आणि तो बघायचा. कॅमेरा लांब केलेला डोळा होता, आठवण ठेवणारी वही नव्हती.

हलणारा कॅमेरा घरात आला तो एका परिचारिकेमुळं

घरातल्या फिरत्या कॅमेऱ्याची गोष्ट न्यूयॉर्कमधली आहे. क्वीन्स भागातल्या जमैका वस्तीत मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची कृष्णवर्णीय परिचारिका राहत होती. तिच्या कामाच्या वेळा अवेळी असत. पती अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, त्याच्याही वेळा वेगळ्या. वस्तीत गुन्हे वाढले होते आणि बोलावल्यावर पोलीस यायला उशीर लागे. रात्री दारावर थाप पडली की उघडायचं की नाही, हा तिच्यापुढचा रोजचा प्रश्न होता.

दोघांनी मिळून एक यंत्रणा बांधली आणि १ ऑगस्ट १९६६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळालं. क्रमांक ३,४८२,०३७. तिची रचना आजही थक्क करते. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं होती, उंच माणसासाठी वर, लहान मुलासाठी खाली. दाराच्या आतल्या बाजूला कॅमेरा मोटारीवर वर-खाली सरके आणि हव्या त्या भोकासमोर थांबे. चित्र झोपण्याच्या खोलीतल्या टीव्हीवर येई. बाहेरच्या माणसाशी बोलता येई, ओळखीचा असला तर बटण दाबून दार उघडता येई, संशयित वाटला तर धोक्याची सूचना देता येई.

घरासाठीचा हलणारा कॅमेरा जन्मला तो असा. आणि तो का हलत होता, हे महत्त्वाचं आहे. त्याला चारी दिशांना नजर ठेवायची नव्हती. एकाच दाराशी आलेल्या माणसाचा चेहरा, मग तो कितीही उंच असो, नीट दिसावा एवढ्यासाठी तो हलत होता. बाईला काय हवंय हे आधी ठरलं होतं, यंत्र नंतर आलं. आपण आज नेमकं उलट करतो.

काळ्या घुमटाचं गुपित

दुकानात छताला लावलेला काळसर घुमट तुम्ही पाहिला असेल. आतला कॅमेरा कुठं बघतो आहे, ते बाहेरून कळत नाही. या कल्पनेचं मूळ कॅमेऱ्याहून जुनं आहे. १७९१ मध्ये इंग्लंडच्या जेरेमी बेंथमनं 'पॅनॉप्टिकन' नावाच्या तुरुंगाचा आराखडा छापला. मध्ये मनोरा, भोवती गोलाकार कोठड्या. मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याला सगळे कैदी दिसणार, पण पहारेकरी आपल्याकडं बघतोय की नाही हे कैद्याला कळणार नाही. मग प्रत्येक जण कायम आपल्यावर नजर आहे असंच समजून वागेल, असा त्याचा हिशोब होता.

फिरत्या कॅमेऱ्याचा धाक याच हिशोबावर चालतो. पण धाक वेगळा आणि पुरावा वेगळा. घुमट सगळीकडं बघतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो एका क्षणी एकाच दिशेला बघत असतो.

तारेतून जाळ्यात

ज्या १९६९ मध्ये ब्राउन दांपत्याला पेटंट मिळालं, त्याच वर्षी बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही प्रकाश टिपणारी चकती कल्पिली. तिच्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. तिच्यामुळं काचेच्या नळीचे अवजड कॅमेरे गेले आणि हलके, टिकाऊ कॅमेरे आले. हलका कॅमेरा छोट्या मोटारीलाही फिरवता येतो. दरम्यान व्हिडिओ टेप आल्या आणि डोळ्याला आठवण मिळाली.

१९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीनं थेट नेटवर्कला जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. आता बघणारा माणूस शेजारच्या खोलीत असण्याची गरज उरली नाही. पण दार दोन्हीकडून उघडतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीनं जगभरातले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडवल्या. या उपकरणांत ती शिरली कशी? कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता.

आपल्याकडं २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्यं सगळ्या देशानं पाहिली. पुढं मुंबईत शहरभर कॅमेऱ्यांचा प्रकल्प झाला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या त्या पहिल्या टप्प्यात सुमारे ४,७०० कॅमेरे होते, आणि त्यातले बहुतांश स्थिर होते. फिरते कॅमेरे मोक्याच्या ठिकाणी, जोडीला होते. शहराची यंत्रणाही दरवान आणि जागल्याचं गणित सोडू शकली नाही.

आता आपली निवड

एक उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली आपली गलाई बांधव मंडळी देशभर सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा करतात. तमिळनाडूपासून बंगालपर्यंत त्यांची दुकानं आहेत. समजा, अशा दुकानात एकच फिरता कॅमेरा लावला आणि हालचाल दिसली की पाठलाग करण्याची सोय चालू ठेवली. गिऱ्हाईक काट्यावर सोनं ठेवतंय, तेवढ्यात दारातून चहावाला आला. कॅमेरा चहावाल्याकडं वळला. नंतर वजनावरून वाद झाला, तर तुमच्याकडं चहावाल्याचं उत्तम चित्रण असेल आणि काट्याचं शून्य. परमुलखात धंदा विश्वासावर चालतो, तिथं हे परवडणारं नाही.

म्हणून पहिला नियम. जिथं पैसा, माल किंवा माणूस हमखास येतो, म्हणजे दार, गल्ला, काटा, तिजोरी, तिथं स्थिर कॅमेरा. फिरता कॅमेरा गोदाम, आवार, पार्किंग, पेट्रोल पंपाचं अंगण अशा मोकळ्या जागेवर, तोही स्थिर कॅमेऱ्यांच्या जोडीला.

दुसरा नियम झूमचा. भिंग सरकवून होणारा ऑप्टिकल झूम नवी माहिती आणतो, डिजिटल झूम आहे तेच ठिपके मोठे करतो. अनोळखी माणसाची ओळख पटायला दर मीटरला साधारण २५० ठिपके लागतात, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १,९२० ठिपके असतात. भागाकार करा, साडेसात मीटरच्या आसपास रुंदी येते. त्याहून रुंद अंगण एका चौकटीत घेतलंत, तर माणूस दिसेल, चेहरा ओळखू येईलच असं नाही. मोठ्या आवारासाठी फिरत्या कॅमेऱ्याचे जादा पैसे मोजावेत ते या ऑप्टिकल झूमसाठी. घरगुती स्वस्त कॅमेऱ्यात तो बहुधा नसतो.

तिसरा नियम साठवणुकीचा. सेकंदाला दोन मेगाबिट या गतीनं सलग चित्रण केलं, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. १२८ जीबीचं कार्ड जेमतेम सहा दिवसांत भरतं आणि जुनं पुसत जातं. गावी आठवडाभर जाऊन आलात, तर पहिल्या रात्रीचं काही उरलेलं नसेल. शिवाय कॅमेरा चोरानं उचलला की कार्डही गेलं. वीज जाते तिथं राउटर आणि कॅमेरा दोन्हींना बॅकअप हवा.

चौथा नियम, पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. भारतात ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत. खरेदी करताना त्या प्रमाणपत्राबद्दल विचारा.

आणि घर?

एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी परगावातली मुलं घरात फिरता कॅमेरा लावतात. हेतू प्रेमाचा असतो. पण यंत्राला मान वळवता येते म्हणून आपण ती कुठंही वळवावी असं नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२५ मध्ये एका सामायिक घराच्या वादात, सहनिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत हा कलकत्ता उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच न्यायालयात कायम राहिला. आईला विचारा, "कुठं लावू? कधी बंद ठेवू?" बरेच कॅमेरे भिंतीकडं तोंड करून झोपवता येतात, ती सोय तिला शिकवा.

आणि पुराव्याचं म्हणाल, तर जालना विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात अर्ज भरण्याच्या वेळेचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर आला. त्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की मूळ उपकरण न्यायालयात हजर न करता त्याची प्रत दिली, तर सोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. तेव्हा काही घडलं तर मोबाइलवर फॉरवर्ड करून थांबू नका, मूळ रेकॉर्डर जपून ठेवा.

मेरी ब्राउननं आधी स्वतःला विचारलं होतं, मला नेमकी कशाची भीती वाटते? उत्तर होतं, रात्री दाराशी कोण आहे ते कळत नाही याची. कॅमेरा त्या उत्तराभोवती बांधला गेला. दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या, घराचा किंवा दुकानाचा नकाशा काढा, आणि त्यावर तुमच्या भीतीच्या जागी खुणा करा. मग ठरवा, कुठं दरवान बसवायचा आणि कुठं जागल्या फिरवायचा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.