धुळीआडचा मंगळ

मंडळी, आज आपण एका वादळाचा इतिहास बघणार आहोत. मंगळावरचं वादळ, साल १९७१.

त्याआधी मंगळ आपल्याला कसा दिसत होता? पर्सिव्हल लोवेल अ‍ॅरिझोनातल्या वेधशाळेतून तिथले कालवे रेखाटत बसला होता, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कालव्यांवरचा विश्वास पुढे ओसरला. पण ऋतूप्रमाणे मंगळावरचे काळसर पट्टे गडद होतात, तेव्हा तिथे काहीतरी उगवत असणार, ही आशा भल्याभल्यांना होती. मग जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे अमेरिकी यान मंगळाजवळून गेलं. त्याने पाठवलेल्या बावीस छायाचित्रांत खड्डेच खड्डे, अगदी चंद्रासारखे. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. झालं! मंगळ मेलेला ग्रह आहे असं ठरून गेलं. आता बघा, त्या चित्रांत ग्रहाचा जेमतेम एक टक्का भाग आला होता. ऐन पावसात चार दिवस आंबोलीला राहून महाराष्ट्रात दुष्काळ नसतोच म्हणावं, त्यातला हा प्रकार.

१९७१ मध्ये तीन यानं मंगळाकडे निघाली होती: अमेरिकेचं मरिनर ९, सोव्हिएत संघाची मार्स २ आणि मार्स ३. मरिनर ९ चं जुळं भावंड मरिनर ८ उड्डाणातच अटलांटिकमध्ये पडलं होतं, त्यामुळे दोघांचं काम एकावर आलेलं. यानं वाटेत असतानाच, सप्टेंबरमध्ये, दुर्बिणींतून मंगळावर एक पिवळसर ढग दिसला. बघता बघता त्याने सगळा ग्रह झाकला.

असं का होतं? मंगळाची कक्षा बरीच लांबट आहे. सूर्याच्या सर्वांत जवळ असताना त्याला सर्वांत दूर असतानापेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त ऊन मिळतं, आणि त्याच सुमाराला दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. जमीन तापते, वारे सुटतात, धूळ उठते. धुळीने ऊन शोषलं की हवा आणखी तापते, वारा आणखी वाढतो. पाऊस नाही, त्यामुळे धूळ खाली बसायला महिनेच्या महिने लागतात.

१४ नोव्हेंबरला मरिनर ९ पोहोचलं. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारं ते पहिलं यान. पण खाली दिसेना काही. सोव्हिएत यानांचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता, तो बदलता येत नव्हता. त्यांनी आपापले अवतरक वादळातच सोडले. मार्स २ चा आपटला. मार्स ३ चा २ डिसेंबरला नीट उतरला, संदेश सुरू झाला आणि वीसेक सेकंदांत थांबला. इतक्या वर्षांच्या कष्टांचं फळ वीस सेकंद! आम्हाला तर हा प्रसंग सांगताना दर वेळी वाईट वाटतं. मरिनरला मात्र पृथ्वीवरून नवे आदेश देता येत होते. त्याला सांगितलं गेलं, थांब.

त्या थांबण्याच्या काळात धुळीतून चार काळे ठिपके वर आलेले दिसले. त्यांतला एक जुन्या नकाशांवरच्या ‘निक्स ऑलिंपिका’, म्हणजे ऑलिंपसच्या हिमाच्या जागी होता. इतक्या जाड धुळीतून डोकं वर काढणारं म्हणजे केवढं उंच असेल! ते ज्वालामुखींचे माथे निघाले. आज ज्याला ऑलिंपस मॉन्स म्हणतात, तो सुमारे २२ किलोमीटर उंच आहे. आपली तेरा कळसूबाई शिखरं एकावर एक ठेवावीत तेवढा.

१९७२ च्या सुरुवातीला धूळ बसली आणि खरा मंगळ उघडा पडला. जवळजवळ ४,००० किलोमीटर लांबीची दरी, काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षाही लांब. यानाच्या नावावरून ती व्हॅलेस मरिनेरिस. आणि कोरड्या नद्यांची पात्रं, उपनद्यांसकट. काळे पट्टे गडद होण्याचं कोडंही सुटलं. वनस्पती वगैरे काही नाही, वारा धूळ इकडची तिकडे नेतो. ऑक्टोबरपर्यंत यानाने ७,३२९ छायाचित्रं पाठवली.

आणखी एक गोष्ट. वादळ चालू असताना यानाच्या उपकरणांना मंगळाची हवा उबदार आणि जमीन थंड आढळली, कारण ऊन वरच अडत होतं. या धुळीचा अभ्यास करणाऱ्यांत कार्ल सेगन आणि जेम्स पोलॅक होते. १९८३ मध्ये त्या दोघांसह पाच जणांनी हिशेब मांडला, की अणुयुद्धात शहरं जळली तर त्या धुरामुळे पृथ्वीवरही असाच अंधार आणि गारठा पडेल. ‘अणुहिवाळा’ हा शब्द तिथून आला.

उरल्या त्या नद्या. आजच्या विरळ हवेत पाणी वाहूच शकत नाही, तर मग ती पात्रं कोरली कधी आणि ती दाट हवा गेली कुठे? ते पुढच्या व्याख्यानात.