बिनपडद्याचे वाद्य निवडताना

शिरोलीच्या सांगली फाट्यावर पुणे-बंगळूर महामार्ग सोडून पूर्वेला वळले, की हातकणंगले, जयसिंगपूर मागे टाकीत रस्ता मिरजेला पोहोचतो. रस्त्याच्या एका टोकाला शिरोली एमआयडीसीतील ओतकामाचे कारखाने आणि दुसऱ्या टोकाला तंबोरे घडविणाऱ्यांची गल्ली. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. तो जोडून दिला आमच्या परिचयाच्या एका तरुणाने. शिरोलीतील एका फाउंड्रीत काम करणाऱ्या या तरुणाला बेस गिटार शिकायची होती आणि तीही जुनी, बिनपडद्याची. साठविलेले दोन-तीन पगार त्यात जाणार होते. नवशिक्याने असे वाद्य घ्यावे का, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर शोधताना या प्रश्नाला दोन इतिहास असल्याचे आमच्या ध्यानी आले.

पहिला इतिहास परदेशातला. पाश्चात्त्य संगीतात खर्जाची बाजू सांभाळणारे माणसाएवढे उंच डबल बेस हे वाद्य मुळातच बिनपडद्याचे. १९५१ साली लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारी, पडद्यांची बेस गिटार बाजारात आणली आणि तिचे नाव ठेवले 'प्रिसिजन', म्हणजे अचूकता. दोन पडद्यांमध्ये बोट कुठेही टेका, स्वर नेमकाच निघेल, ही त्या नावातली ग्वाही होती. परंतु १९६१ साली बिल वायमन यांनी आपल्या स्वस्तातल्या बेसचे पडदे उपटून काढले. १९६६ मध्ये अँपेग कंपनीने बिनपडद्याची बेस विक्रीस आणली. आणि १९७० च्या सुमारास खुद्द 'प्रिसिजन'च पडद्यांवाचून मिळू लागली. अचूकतेची जबाबदारी वाद्याकडून पुन्हा वादकाकडे आली.

पुढे जॅको पॅस्टोरियस या वादकाने १९६२ च्या एका फेंडर जॅझ बेसचे पडदे काढून, खाचा बुजवून, पट्टीवर इपॉक्सीचा थर दिला. १९७६ साली त्याची स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रिका निघाली आणि 'जुने' व 'बिनपडद्याचे' या दोन विशेषणांची जोडी नवशिक्यांच्या मनात कायमची बसली. मात्र एक साधी गोष्ट सहसा विसरली जाते. ते वाद्य तेव्हा अवघे १४ वर्षांचे होते. आज ज्याला आपण दुर्मीळ वारसा मानतो, ते वाजविणाऱ्याच्या हातात एक वापरलेले, दुरुस्त केलेले हत्यार होते.

दुसरा इतिहास आपल्या अंगणातला. एकोणिसाव्या शतकात मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. त्या परंपरेतील सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याला पडदे नाहीत. सतारीला आहेत, पण ते दोऱ्याने बांधलेले, रागानुसार सरकविता येणारे; शिवाय पडद्यावर तार ओढून मींड काढायची ती वेगळीच. अर्थात, पडदा असणे वा नसणे हा भेद आपल्याकडे कधी कडक नव्हता.

वाद पेटला तो पेटीवरून. पेटीचे स्वर पक्के, त्यांना सरकविण्याची सोय नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली २२ श्रुतींविषयी इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटी करवून घेतली. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. ते पुन्हा किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. आणि गंमत अशी, की याच कोल्हापूर परिसरात जन्मलेल्या गोविंदराव टेंब्यांनी (१८८१–१९५५) त्याच पेटीवर मोठमोठ्या गायकांची साथ करून रसिकांची मने जिंकली. पट्ट्या पक्क्याच होत्या. कान मात्र मोकळा होता.

मग जुनेपणाचे काय? जुन्या तंबोऱ्याला मिरजेत मान असतो, कारण त्याचे लाकूड आणि भोपळा पुरते वाळलेले असतात. तरीही जाणकार आधी वय विचारीत नाही. तो दांडी वाकली आहे का ते पाहतो, भोपळ्याला तडा शोधतो. घोडीवर तारांनी घासून चरे पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते, हे तो गृहीतच धरतो. बेसचेही तसेच. पडदे नसल्याने तार थेट लाकडावर घासते. पीळदार पोलादी तारांनी पट्टीत चर पडतात आणि ते रंधून काढावेत तर दर खेपेस लाकूड कमी होते. मान एका डोळ्याने लांबवर न्याहाळावी; किंचित बाक आतल्या लोखंडी गजाने सुधारतो, पीळ सुधारणे कठीण. तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसते टेकवून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर जुळतात का, ते ऐकावे. पडद्यांच्या जागी रेघा आखलेल्या असतील तर नवशिक्याने त्यात कमीपणा मानू नये. फक्त बोट रेघेमागे नव्हे, रेघेवरच पडले पाहिजे.

आम्ही त्याला एवढेच सांगितले : सरळ मानेचे, रेघांचे वाद्य घे, सालासाठी जादा पैसे मोजू नकोस, आणि रोज तंबोरा लावून त्यापुढे सावकाश वाजव. पडदे नसलेल्या वाद्यावर चूक दाखवून देणारे कुणीतरी समोर लागते, आणि त्या कामी षड्जाइतका निःपक्षपाती साक्षीदार नाही.

त्यानंतर तो एक वाद्य पाहून आला. विकणाऱ्याने ते सत्तरच्या दशकातले असल्याचे सांगितले. रोज ओतीव तुकडा डोळ्यासमोर धरून त्याचा बाक पाहणाऱ्या आमच्या मित्राने वाद्याची मानही तशीच धरली. तिला पीळ होता. तो रिकाम्या हाताने परतला. वाद्य अजून मिळालेले नाही. मात्र आमचा तंबोरा गेला महिनाभर त्याच्या घरी आहे.