३१ क्रूस, ५५ कबरी

शाळेच्या आवारात काय काय असते? वर्ग असतात, मैदान असते, पाण्याची टाकी असते. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात मरियाना नावाच्या गावी एक शाळा होती. तिच्या आवारात दफनभूमी होती.

१ जानेवारी १९०० रोजी ही सरकारी सुधारशाळा सुरू झाली. गुन्हे केलेली मुले तिथे धाडली जात. पण शाळा बुडवणारी, घरातून पळालेली, कुणीच नसलेली मुलेही त्यांच्याच पंक्तीला बसवली जात. ‘रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी ऐकत आमची पिढी वाढली. तिथे ती नुसती धमकी नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत गोऱ्या आणि काळ्या मुलांची आवारे वेगळी होती. दफनभूमी काळ्यांच्या बाजूला.

चौकशी झाली नाही, असे म्हणायची मात्र सोय नाही. १९०३ मध्येच पाहणीला आलेल्यांना पायांत बेड्या घातलेली मुले दिसली. पहिल्या १३ वर्षांत सरकारने सहा चौकश्या केल्या. पाच वर्षांची पोरे मजुरीला जुंपलेली, धड अन्न नाही, वस्त्र नाही, शिक्षण नाही, हे सगळे कागदावर आले. अहवाल झाले, शाळेची नावे बदलली, शाळा चालूच राहिली. १९१४ च्या आगीत मुले दगावली, १९१८ च्या तापाच्या साथीतही दगावली.

आवारात एक छोटी पांढरी इमारत होती, ‘व्हाइट हाउस’. तिथे मुलांना चामडी पट्ट्याने फोडून काढत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मोठा पंखा लावत, असे त्यातून वाचलेले सांगतात. १९६८ मध्ये मारायला बंदी आली.

ही मुले म्हातारी झाल्यावर बोलू लागली. २००८ मध्ये गव्हर्नरांनी राज्याच्या तपास खात्याला चौकशीचा हुकूम दिला. खात्याने शाळेची दप्तरे चाळली. दफनभूमीत लोखंडी नळ्यांचे ३१ क्रूस होते, दप्तराशी ३१ कबरींचा मेळ बसला. मारहाणीबद्दल, इतक्या वर्षांनी ठोस पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच चोपड्यांवरून हिशेब तपासला तर आणखी काय निघणार? २०११ मध्ये शाळा बंद झाली.

मग दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञ एरिन किमर्ली यांनी कागद बाजूला ठेवले नाहीत, पण मातीलाही विचारले. उत्खननाची परवानगी आधी नाकारली गेली, ती २०१३ मध्ये मिळाली. कबरी निघाल्या ५५. त्यांतल्या १३ तेवढ्या क्रूसांच्या जागेत. बाकीच्या झाडीत, मुळांखाली, एका रस्त्याखाली.

आमच्या कब्रस्तानातही पुष्कळ कबरींवर नाव नसते. मातीचा उंचवटा, एखादा दगड, सब्जाचे रोप. पण शबे-बारातला फातेहा पढायला आलेल्याला आपल्या माणसाची कबर कोणती, हे कुणाला विचारावे लागत नाही. मरियानात नावही नव्हते आणि येणारेही नव्हते. घरी निरोप पोचे तो कित्येकदा पुरून झाल्यावर.

चोरीच्या मोटारीच्या प्रकरणात १९४० मध्ये तिथे गेलेल्या १४ वर्षांच्या एका मुलाचे असेच झाले. त्याची पत्रे थांबली, तेव्हा आईने शाळेला लिहिले. तो कुठे आहे ठाऊक नाही, असे उत्तर आले. मग निरोप आला, एका घराखाली त्याचे प्रेत सापडले. घरचे पोचले तेव्हा त्यांना ताजी माती दाखवण्यात आली. २०१४ मध्ये त्याचा डीएनए बहिणीच्या डीएनएशी जुळला. ती तेव्हा ऐंशी ओलांडलेली. आईवडील केव्हाच गेले होते.

आणखी एका कबरीत, मुलाच्या खिशाच्या जागी, एक गोटी सापडली. माझे मन अहवालातल्या आकड्यांपेक्षा तिच्यापाशीच रेंगाळते. ती खिशात होती, म्हणजे कपडे बदलताना, आंघोळ घालताना कुणी तो खिसा चाचपलाच नव्हता. की चाचपून मुद्दाम राहू दिली?

२०१७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने माफी मागितली. २०२४ मध्ये २ कोटी डॉलरची भरपाई मंजूर झाली, १९४० ते १९७५ या काळात तिथे छळ सोसून जे हयात आहेत त्यांच्यासाठी. विद्यापीठाच्या २०१६ च्या अंतिम अहवालात शंभराच्या आसपास मृत्यूंची नोंद आहे. उकरून काढलेले सांगाडे ५१. त्यांतल्या सात मुलांना तोवर डीएनए जुळून नाव परत मिळाले होते.