संगणकातील पोर्टांची स्थाननिश्चिती

संगणकातील पोर्टांची स्थाननिश्चिती : मुद्रक, चकती, नेटवर्कची केबल इ. जोडण्यासाठी संगणकाच्या पेटीवर ज्या खाचा ठेवलेल्या असतात त्यांना पोर्ट म्हणतात. एखादे पोर्ट पेटीच्या पुढील बाजूस आहे की मागील, ते वरून कितवे आहे, कोणत्या खणातील कार्डावर आहे, या तपशिलास त्याचे भौतिक स्थान म्हणतात. यंत्राच्या सर्व साधनांचा कारभार पाहणाऱ्या प्रचालन प्रणालीने हे स्थान वापरणाऱ्यास कसे कळवावे, हा प्रश्न सुमारे साठ वर्षांचा आहे. तो वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु दोन चकत्यांच्या नावांची अदलाबदल झाल्यास कोरी समजून भरलेली चकती पुसली जाते आणि दोन नेटवर्क पोर्टांची झाल्यास संस्थेचे अंतर्गत जाळे बाहेरच्या जगास उघडे पडते.

पोर्टास नाव देण्याच्या पद्धती घरांच्या पत्त्यांवरून समजतात. सिडकोने (स्थापना १९७०) वसविलेल्या नवी मुंबईतील खारघर येथे घराचा पत्ता सेक्टर व भूखंड क्रमांकाने सांगतात. राहणारा बदलला तरी पत्ता तोच राहतो. त्याच परिसरात बेलपाडा, कोपरा, मुर्बी ही मूळ गावे आहेत. जुन्या गावात घर सामान्यतः कुटुंबाच्या नावाने ओळखले जाते. तेथे नाव माणसाचे असते, जागेचे नव्हे. तिसरी पद्धत रांगेची : जो आधी आला तो पहिला. प्रचालन प्रणालींनी या तिन्ही पद्धती वापरल्या आहेत आणि बहुतेक घोटाळे एका पद्धतीचे नाव दुसऱ्या पद्धतीचे समजल्यामुळे झाले आहेत.

प्रारंभीच्या मोठ्या यंत्रांत जागेचीच पद्धत होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला. या मालिकेतील यंत्रांत आदान-प्रदानासाठी स्वतंत्र वाहिन्या असत व एका वाहिनीस आठपर्यंत उपकरण-नियंत्रक जोडता येत. नियंत्रकाचा क्रमांक त्याच्यावरील फिरत्या कळीने ठरविला जाई. प्रणालीला माहीत असलेला क्रमांक डोळ्यांनी वाचता येत असे. आयबीएमने १९६४ मध्येच जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालिकेत उपकरणाचा पत्ता तीन अंकी असे : पहिला अंक वाहिनीचा, दुसरा नियंत्रकाचा व तिसरा उपकरणाचा. मुद्रकास ‘००ई’ व छिद्रपत्र-वाचकास ‘००सी’ हे पत्ते देण्याचा प्रघात इतका रूढ होता, की चालक उपकरणांचा उल्लेख या अंकांनीच करीत.

युनिक्स प्रणालीने उपकरणांना फायलींचे रूप दिले. प्रत्येक उपकरणाच्या फायलीस दोन क्रमांक असतात. प्रमुख क्रमांकावरून कोणती चालक आज्ञावली वापरावयाची ते कळते, तर गौण क्रमांकावरून तिच्या ताब्यातील कोणते उपकरण ते कळते. ही योजना सुटसुटीत असल्याने टिकली. तथापि तीत स्थानाचा उल्लेख नव्हता. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ‘सीओएम १’ म्हणजे ‘३एफ८’ या पत्त्यावर उत्तर देणारे पोर्ट, एवढाच अर्थ होता. हा पत्ता कार्डावरील इवल्याशा जंपरने ठरे आणि तो पाहण्यासाठी पेटी उघडावी लागे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण या इतिहासात वेगळे आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. (या संस्थेचे नवी मुंबईतील केंद्र खारघर रेल्वे स्थानकासमोर आहे.) परम ८००० इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर संस्कारकांवर आधारलेला होता. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला शेजाऱ्याशी बोलण्यासाठी चार जोड असत आणि त्याची आज्ञावली यांपैकी एका जोडातून त्याच्यात भरता येई. कोणत्या जोडातून आपण जागे झालो हे त्यास समजत असल्याने, एका टोकापासून जोडाजोडाने पुढे सरकत संपूर्ण जाळ्याचा नकाशा काढणाऱ्या आज्ञावल्या अशा यंत्रांसाठी वापरल्या जात. त्यांना ‘अळी’ असे सार्थ नाव होते. नकाशा बिनचूक असे, पण तो जोडणीचा असे. अमुक संस्कारक कपाटातील कोणत्या कार्डावर आहे, हे अळीला सांगता येत नसे. जोडणीचा नकाशा व जागेचा नकाशा यांतील ही फारकत पुढील सर्व प्रणालींत दिसते.

लिनक्समध्ये प्रदीर्घ काळ रांगेची पद्धत चालली. पहिली सापडलेली चकती ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’. पहिले नेटवर्क पोर्ट ‘ईटीएच ०’, दुसरे ‘ईटीएच १’. यंत्र सुरू होताना उपकरणांचा शोध एकामागोमाग एक होई तोवर रांग सहसा स्थिर राही. हा शोध समांतर होऊ लागल्यावर रांग मोडली आणि काल ‘ईटीएच ०’ असलेले पोर्ट आज ‘ईटीएच १’ होण्याची शक्यता निर्माण झाली. १९९६ मध्ये आलेल्या यूएसबीने भर घातली. त्यात उपकरणास १ ते १२७ मधील पत्ता जोडतेवेळीच मिळतो व काढून पुन्हा लावल्यास बदलू शकतो.

उपाय म्हणून २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तीत यंत्राची जोडणी फायलींच्या वृक्षरूपाने उघड करण्यात आली. ‘१-१.४’ या नावाचा अर्थ पहिल्या यूएसबी वाहिनीच्या पहिल्या पोर्टास लावलेल्या हबचे चौथे पोर्ट, असा होतो. विंडोजमध्येही पोर्ट व हब यांचे क्रमांक दाखविले जातात. तेथे एक मौज आढळते : स्वतःचा अनुक्रमांक नसलेले उपकरण दुसऱ्या पोर्टात घातले, की विंडोज त्यास नवेच उपकरण समजते, जागा हीच ओळख ठरते. नेटवर्क पोर्टांसाठी जानेवारी २०१३ मधील सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीने ‘ईएनपी२एस०’ यासारखी वाहिनी व खाच दर्शविणारी नावे आणली. ती अधिक स्थिर असली, तरी नवे कार्ड बसविल्याने वाहिन्यांचे क्रमांक सरकले तर तीही बदलतात.

जोडणीवरून जागेचे अनुमान किती फसवे असते, हे यूएसबी ३ च्या निळ्या खाचेवरून कळते. एकाच खाचेत जुन्या व नव्या वेगाच्या तारा स्वतंत्र असल्याने प्रचालन प्रणालीस तेथे दोन पोर्टे दिसतात आणि त्यांचे क्रमांक सारखे असतीलच असे नाही. ती एकाच ठिकाणी आहेत हे केवळ निर्मात्याला माहीत असते. म्हणून २००४ मध्ये एसीपीआय या मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीत निर्मात्याने यंत्राच्या अंगभूत आज्ञावलीत स्थानाचे वर्णन नोंदविण्याची सोय झाली. पोर्ट पेटीच्या कोणत्या बाजूस आहे, ते वर, मध्ये की खाली, डावीकडे की उजवीकडे, बाहेरून दिसते की नाही, खाचेचा आकार कोणता, इतकेच नव्हे तर रंग कोणता, हेही त्यात लिहिता येते. लिनक्सने यांतील बाजू व स्थान ही माहिती सामान्य वाचनासाठी २०२२ मध्ये खुली केली. मधल्या अठरा वर्षांच्या विलंबाचे नवल वाटू नये : प्रणालीला ही माहिती पडताळता येत नाही. निर्मात्याने नोंद चुकीची केली असेल, तर ती चूकही तितक्याच निःशंकपणे दाखविली जाते.

डेटा सेंटरमध्ये या प्रश्नास आर्थिक महत्त्व येते. नवी मुंबईत महापे, ऐरोली येथे अशी मोठी केंद्रे आहेत. तेथे आज्ञा देणारा व केबल हातात धरणारा या व्यक्ती पुष्कळदा वेगवेगळ्या शहरांत असतात आणि एकसारख्या यंत्रांच्या रांगेत चुकीची केबल काढली गेल्यास चालू सेवा बंद पडते. यासाठी आज्ञा देऊन विशिष्ट नेटवर्क पोर्टाचा दिवा लुकलुकवत ठेवण्याची सोय लिनक्समध्ये आहे; चकत्यांच्या खणांसाठीही तशीच व्यवस्था असते. दूरचा व्यवस्थापक दिवा लावतो, कपाटापाशी उभा असलेला तंत्रज्ञ तो कोठे लुकलुकतो ते पाहून सांगतो आणि मगच केबल काढली जाते.