पेठेतली फियाट आणि दाराखालचा गंज

पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ मोटारीसाठी वसवलेली नव्हती. वाड्याच्या दिंडीतून माणूस वाकून आत जाई. मोटार आली तेव्हा तिच्या वाट्याला बोळ आला. पेठेतल्या डॉक्टरांची, वकिलांची फियाट वर्षानुवर्षं उघड्यावर, पन्हळीच्या धारेखाली आणि गटाराच्या काठाला उभी राहिली. इंजिन दोनदा उघडून पुन्हा बसवलं जाई आणि गाडी चालत राही. कुजायचा तो दाराखालचा पत्रा.

त्याआधीच्या गाड्यांना हे दुखणं इतकं जिवावरचं नव्हतं. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. त्या काळच्या शेव्हरोलेला खाली जाड पोलादी चासी असे आणि वरची बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असे. बॉडीच्या आत बरंचसं लाकूड. पायरी गंजली तर काढून दुसरी लावायची, दार लोंबलं तर सुताराला बोलवायचं. १९५३ साली इटलीत आलेली फियाट ११०० मात्र निराळ्या घडणीची. आपल्याकडे जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत तीच ही गाडी. तिला वेगळी चासीच नव्हती. पत्र्याचे भाग स्पॉट वेल्डिंगने एकमेकांना जोडून सगळा सांगाडा उभा केलेला. दोन्ही बाजूंना दारांखालून जाणारी लांब पोकळ पेटी, म्हणजे सिल, हा त्या सांगाड्याचा मुख्य आधार.

त्यात या फियाटची एक खास तऱ्हा होती. पुढची दारं मागच्या अंगाला बिजागरीवर टांगलेली, मागची दारं पुढच्या अंगाला. म्हणजे चारही दारांचं वजन दोन मधल्या खांबांवर आणि ते खांब उभे सिलवर. सिल आतून कुजली की खांब केसभर बसतो, आणि एका बाजूची दोन्ही दारं एकदम घासायला लागतात. मालक बिजागरीला तेल घालत बसतो. दुखणं असतं वीतभर खाली.

गंज बाहेरून आत जातो असं वाटतं, पण इथे तो आतून बाहेर येतो. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पाणी, पुढच्या चाकाने उडवलेला चिखल, सिलच्या तळाची बुजलेली भोकं. शिवाय दोन पत्रे एकमेकांवर दाबून वेल्ड केले की मधल्या चिरेत रंग कधी पोचत नाही, पाणी मात्र बरोबर शिरतं. रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा पापडासारखा झालेला असतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, लकडी पूल बुडाला आणि पेठेच्या नदीकडच्या टोकाला, अलका टॉकीजच्या चौकात, पाणी चढलं. अशा पुराचा गाळ एकदा सिलच्या पोकळीत बसला की वरून कितीही धुतलं तरी निघत नाही.

अशा गंजाच्या दुरुस्तीची कला जुन्या गाड्यांच्या प्रेमातून आली असं आज सांगितलं जातं. ते काही खरं नाही. ती नाइलाजातून आली. सरकारने जोडणीऐवजी देशी उत्पादनाची अट घातल्यावर जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. उरले ते मोजके कारखाने, त्यांतला एक वालचंद हिराचंदांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, कुर्ल्यात. तिथून निघणाऱ्या नव्या फियाटसाठी नंबर लावून वर्षं काढावी लागत. अशा दिवसांत गंजली म्हणून गाडी टाकून कोण देतो? नाना पेठेत स्पेअर पार्टचा बाजार आहे, पण तयार सिल मागितली की मिळेलच असं नाही. मिस्त्री गेज सांगून सपाट पत्रा आणायचा आणि ठोकून, दुमडून सिल बनवायचा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याचा पत्रा हातोड्याखाली जसा वळतो तसंच हेही हाताचं काम. फक्त इथे ठोक्यांची खूण उरू द्यायची नसते.

कापाकापीआधीची तयारी हीच खरी परीक्षा. गाडी सपाट जमिनीवर टेकू देऊन घ्यायची, दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल किंवा पाइप टाचायचे आणि मगच कुजका भाग कापायचा. आधार न देता सिल कापली की मधोमध गाडी खाली झुकते. त्या स्थितीत नवी सिल वेल्ड झाली की वाकडेपणा कायमचा. कापायचं ते चांगला पत्रा लागेपर्यंत. घाईचा मिस्त्री कुजक्यावरच नवा तुकडा चढवतो. वरून काम सुबक दिसतं, आत दोन पत्र्यांमधे पाण्याला नवी चीर मिळते. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा लाटा घेतो, म्हणून जाणता माणूस एका दमात शिवण ओढत नाही. इकडे एक टाका, तिकडे एक, मधे थंड होऊ द्यायचं. दर टप्प्याला दार लावून बघायचं, कारण फटीतली तफावत फूटपट्टीआधी दारच सांगतं.

जोडावरची रेघ लपवण्याची जगभरची जुनी रीत शिशाची. सुमारे ७० टक्के शिसं आणि ३० टक्के कथील यांचा मिश्रधातू १८३ अंशांना मऊ पडतो, पूर्ण पातळ व्हायला अडीचशेच्या पुढे जावं लागतं. मधल्या टप्प्यात तो लाकडी थापीने लोण्यासारखा पसरता येतो. उघड्या पोलादावर मात्र तो धरत नाही, आधी कथलाचा थर द्यावा लागतो. शिशाच्या धुराने माणसं आजारी पडत, म्हणून आणि महाग म्हणूनही ही रीत मागे पडली. तिची जागा पॉलिएस्टरच्या लांबीने घेतली. लांबी वाईट नाही. नखाएवढ्या थरात ती उत्तमच. पण भोकात जाळी कोंबून वर मूठभर लांबी थापली की ती दुरुस्ती राहत नाही, रंगरंगोटी होते. जुनी फियाट बघायला जाणारे म्हणूनच खिशात लोहचुंबक ठेवतात; जाड लांबीवर ते चिकटत नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती गेली आणि फियाटचं राज्य ओसरू लागलं. मुंबईत शेवटची पद्मिनी (फियाटचंच पुढचं नाव) टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपताच २०२३ मध्ये काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. टाकाऊ ठरलेल्या गाड्यांपैकी ज्या वाचल्या त्या आता मिरवायच्या झाल्या. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचे नंबर देऊ केले, नोंदणी शुल्क २०,००० रुपये. १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव मिळालेल्या पहिल्या गाड्या आत्ता कुठे पन्नाशी ओलांडताहेत. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको.

इथे गंमत होते. जिची सिल कधीच बदलली नाही अशी बोळात वाढलेली फियाट सापडणं कठीण, आणि सिल न बदलता ती उभी राहणंही कठीण. काळजीने काम करणारे म्हणून कापण्याआधी जुन्या जोडाचे फोटो काढतात, कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या ठिपक्यांमधलं अंतर मोजतात, नव्या सिलच्या कडेला तेवढ्याच अंतरावर भोकं पाडून त्यांतून वेल्ड भरतात आणि घासून सपाट करतात.