सुवातल्या आयरीनबाई

फिजीतल्या भारतीयांची गोष्ट आपल्याकडे बहुधा गिरमिटापाशी थांबते. १८७९ ते १९१६ या काळात कलकत्ता आणि मद्रासहून साठ हजारांवर माणसे तिथल्या उसाच्या मळ्यांत नेली गेली, एवढे आपण वाचलेले असते. मला लिहायचे आहे ते बऱ्याच नंतर तिथे गेलेल्या एका शिक्षिकेविषयी.

आयरीन जय नारायण यांचा जन्म १९३२ चा, लखनऊचा. १९५९ मध्ये त्या लग्न होऊन फिजीला आल्या. पती जय नारायण राजधानी सुवातल्या इंडियन हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. ती शाळा आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. आयरीनबाईंनी (आपण शाळेत म्हणतो त्याच अर्थाने बाई) डी. ए. व्ही. कन्याशाळेत आणि महात्मा गांधी मेमोरियल हायस्कूलमध्ये शिकवले. या नावांतच बराच इतिहास आहे. भारतीयांच्या शिक्षणाबाबत वसाहतीचे सरकार उदासीन होते, तेव्हा आर्य समाजासारख्या संस्थांनी आणि गावोगावच्या समित्यांनी शाळा उभ्या केल्या. सावेनीचे गुरुकुल १९१८ चे. तेव्हा गिरमिट पुरते संपलेही नव्हते. अशा समाजात शिक्षकाच्या शब्दाला वजन असते.

१९६६ मध्ये त्या सुवातून फेडरेशन पक्षातर्फे विधान परिषदेवर निवडून आल्या. फिजीत स्त्रियांना मताधिकार मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. पुढे त्या पक्षाच्या अध्यक्षही झाल्या. १९७७ मध्ये पक्ष फुटला आणि ‘फूल’ व ‘कबूतर’ या निशाण्यांवर एकमेकांविरुद्ध लढला, तेव्हा त्या फुलाच्या बाजूने होत्या.

इथपर्यंत त्यांचे चरित्र लिहिणे सोपे आहे. नंतर पक्षाशी बिनसले आणि १९८७ ची निवडणूक त्यांनी ज्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढल्या त्या अलायन्स पक्षातर्फे लढवली. त्या हरल्या. निवडून आलेले बावाद्रा सरकार महिनाभरात, १४ मे रोजी, लेफ्टनंट कर्नल राबुका यांनी उलथवले. सप्टेंबरात दुसरा उठाव झाला. भारतीय कुटुंबे देश सोडू लागली. आणि आयरीनबाई हंगामी सरकारात भारतीयांच्या व्यवहारांच्या मंत्री झाल्या. त्याच सरकारच्या काळात १९९० ची राज्यघटना आली: ७० पैकी ३७ जागा मूळ फिजीवासीयांना, भारतीयांना २७, आणि पंतप्रधानपद भारतीयांना बंद.

त्यांच्यावर गद्दारीचा शिक्का मारणे मला पटत नाही. आत राहून काही वाचवता येईल म्हणून त्या गेल्या, असे समर्थनही मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण वीस वर्षे सभागृहात भारतीयांची बाजू मांडणाऱ्या बाईंचे नाव त्या घटनेच्या काळातल्या मंत्र्यांत वाचताना मी दर वेळी अडखळतो.

‘फिजीयन’ हा शब्द त्या काळच्या सरकारी भाषेत फक्त मूळ रहिवाशांसाठी होता. आयरीनबाई कागदोपत्री ‘इंडियन’च. देशाच्या सर्व नागरिकांना ‘फिजीयन’ म्हणणारी राज्यघटना २०१३ मध्ये आली. त्यांचे निधन २०११ मध्ये झाले होते.